मनीच्या तीन चाली: दात काढल्यानंतरच्या चार महिन्यांची नोंद

मनीचे दात काढून आणले आणि तेव्हापासून ती नीट चालेना, हे वाक्य आम्ही आमच्या मांजरीबद्दल महिनाभर ज्याला त्याला सांगत होतो. वाक्य खरंच होतं. पण त्यात तीन निरनिराळी दुखणी कोंबली गेली होती आणि तिन्हींचं बिल आम्ही भुलीच्या नावावर फाडलं होतं. ती एकमेकांपासून सुटी व्हायला वेळ लागला. त्या काळात मी वहीत रोज दोन-चार ओळी लिहीत गेले आणि फोनवर तिच्या चालण्याचे व्हिडिओ घेत गेले. पुढचं सगळं त्या वहीवरून, दवाखान्याच्या कागदांवरून आणि डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यावरून लिहिते आहे.

आधीची मनी

वय १४ वर्षं, नसबंदी झालेली, वजन ४.१ किलो, घराबाहेर न जाणारी. किडनीचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठत जाणारा कचरा, २.०. मांजरांच्या या आजाराचे चार टप्पे मानतात, त्यात १.६ ते २.८ हा दुसरा. काही महिन्यांपासून ती एकाच बाजूने चावायची, दाणे तोंडातून खाली पडायचे आणि मध्येच जबडा थरथरायचा. तपासल्यावर खालच्या जबड्यातल्या दोन दाढा हिरडीलगत विरघळत चालल्याचं निघालं. मांजरांत हे फार आढळतं. शरीराच्याच पेशी दाताचा कठीण भाग पोखरत जातात, आतली नस उघडी पडते आणि माणसासारखं दात भरून भागत नाही. दाढा काढायच्या ठरल्या. भूल देण्याआधी रक्त, रक्तदाब आणि हृदय तपासलं. त्यात अडण्यासारखं काही नव्हतं.

दाखल करताना जो फॉर्म भरला, त्यात एक ओळ होती: ‘चालणं-फिरणं’. मी लिहिलं, ‘व्यवस्थित’. हा शब्द लक्षात असू द्या, पुढे त्याच्यापाशी परत यायचं आहे.

दिवस शून्य

दवाखान्यात नेण्याआधी दोन तास गॅबापेंटिनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल खाण्यात मिसळून दिली. प्रवासाची आणि परक्या जागेची भीती कमी व्हावी म्हणून ती देतात, दुखण्यावरही हेच औषध चालतं. मनी भुलीखाली एक तास चाळीस मिनिटं होती. दोन दाढा निघाल्या, सलाइन लावलं होतं, दुखणं कमी व्हायला ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन दिलं होतं. संध्याकाळी घरी आलो. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: गॅबापेंटिन ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ पाच दिवस, ब्युप्रेनॉर्फिनचे थेंब गालाच्या आतल्या बाजूला, आणि ‘थोडी गुंगी राहू शकते’.

रात्री दहाच्या सुमारास ती पेटीतून उतरून पाण्याकडे निघाली. पुढचे पाय सरळ, मागचा भाग मात्र कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कलंडायचा. भिंतीला टेकून उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि बसलीच. आई म्हणाली, “अगं, हिच्या मागच्या पायांतला जीव गेलाय.” गुंगीत असलेलं मांजर झोपून राहील, असं आम्ही धरून चाललो होतो. ते चालेल आणि चालताना असं दिसेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. ‘गुंगी’ या एका शब्दाऐवजी कागदावर ‘मागचे पाय लडखडतील’ एवढं लिहिलं असतं, तर ती रात्र वेगळी गेली असती. त्या दवाखान्याबद्दल माझी एकमेव तक्रार आहे ती ही.

रात्रीच्या फोनवर ज्या डॉक्टर बोलल्या, त्यांनी आधी दिलासा दिला नाही. चार प्रश्न विचारले. मांजर वेदनेने ओरडतंय का? मागच्या पायांचे पंजे हाताला पुढच्या पंजांइतकेच ऊबदार लागतात का? तळव्यांच्या गाद्या गुलाबी आहेत, की पांढऱ्या-निळ्या? दोन्ही पाय लुळे पडलेत, की हलतात पण सावरत नाहीत?

हे प्रश्न मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावेत असे आहेत. ज्या मांजरांच्या हृदयाचे स्नायू जाड झालेले असतात, त्यांच्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती महाधमनीतून वाहत जाऊन, जिथे ही धमनी मागच्या पायांसाठी दोन फाट्यांत विभागते तिथे अडकते. पाय क्षणात लुळे पडतात, गार होतात, गाद्या फिक्या पडतात आणि प्राणी भयंकर वेदनेत असतो. हृदयाचा हा आजार कितीतरी मांजरांत गुठळी अडकेपर्यंत कळतच नाही. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते. मनीचे पंजे गरम होते, गाद्या गुलाबी होत्या, पाय हलत होते आणि ती ओरडत नव्हती. उलट, तोल जात असतानाही माझ्या हाताला डोकं घासत होती. “मग सकाळी आणा,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि तोवर औषध किती वाजता दिलं आणि ती किती वाजता जास्त लडखडली, ते लिहून ठेवा.”

वही सुरू झाली ती इथून.

पहिली चाल: औषधाची

सकाळच्या तपासणीत डॉक्टरांनी मांडीच्या आतून नाडी बघितली, दोन्हीकडे नीट लागली. मग मागचा पंजा उलटा करून, म्हणजे वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवला. निरोगी प्राणी तो लगेच सरळ करतो. मनीने दोन्ही पंजे सरळ केले, जरा उशिराने पण केले. मांडीच्या मागच्या स्नायूत दिलेलं इंजेक्शन कधी कधी तिथून जाणाऱ्या मोठ्या नसेला लागतं. पण तसं असतं तर एकच पाय बिघडला असता आणि पंजा दुमडून ओढत चालली असती. इथे दोन्ही पाय सारखेच ढिले होते.

डोळ्यांसमोर कापसाचा बोळा टाकून ती नजर फिरवते का, तेही बघितलं. याचं कारण मला तेव्हा समजलं नव्हतं, नंतर विचारलं. मांजराचा जबडा स्प्रिंगच्या चिमट्याने बराच वेळ ताणून उघडा ठेवला, तर मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी दाबली जाऊ शकते. दातांच्या कामानंतर काही मांजरांची दृष्टी गेल्याची उदाहरणं त्यामुळे नोंदली गेली आहेत. आंधळं झालेलं मांजरही धडपडत चालतं आणि घरच्यांना पाय बिघडल्यासारखे वाटतात. मनीच्या वेळी तो चिमटा वापरलाच नव्हता, आणि बोळ्याकडे तिने तुच्छतेने का होईना, पण बघितलं.

उत्तर वहीत होतं. औषध आठ वाजता, सगळ्यात जास्त झोक दहा ते अकरा. संध्याकाळचं औषध आठला, पुन्हा दहालाच आई घाबरलेली. पहाटे सहाला, म्हणजे पुढच्या डोसच्या आधी, चाल बरीच सरळ. पायांचं दुखणं घड्याळ बघून येत नाही. गॅबापेंटिनचा तोल बिघडवणारा परिणाम माहीत असलेला आहे. ते शरीराबाहेर जातं किडनीवाटे, आणि मनीची किडनी आधीच सावकाश चालणारी. तरुण मांजराला जो डोस बेताचा, तो हिच्या रक्तात जास्त वेळ रेंगाळत होता. डोस निम्मा केला, ब्युप्रेनॉर्फिन तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोक गेला.

इथे आमच्या घरात एक चर्चा झाली ती लिहायलाच हवी, कारण ती बऱ्याच घरांत होते. गॅबापेंटिन नकोच, त्यापेक्षा आपली नेहमीची पॅरासिटॅमॉलची पाव गोळी द्यावी, असं भावाचं म्हणणं होतं. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करण्याची यंत्रणा जवळजवळ नाहीच. एका गोळीच्या तुकड्यानेही रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायला नालायक होतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो आणि मांजर दगावू शकतं. ज्या गोळ्या आपण तापाला, अंगदुखीला सहज घेतो, त्यातली एकही मांजरासाठी नाही. भावाला हे सांगितल्यावर त्याने गोळ्यांचं पाकीट वरच्या कपाटात ठेवलं, जणू मनी स्वतःच काढून खाणार होती.

दुसरी चाल: टाच टेकलेली

वहीतली चौथ्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘चाल ठीक. खाणं फार कमी. कोमट करून दिलेलं ओलं खाणं चाटते आणि सोडून देते.’ पाचव्या दिवशी: ‘पुन्हा मागचे पाय. पण आधीसारखं नाही.’

‘आधीसारखं नाही’ हे दोन शब्द लिहिले, याचं श्रेय मी व्हिडिओंना देते. नुसत्या डोळ्यांनी आम्ही सगळे ‘पुन्हा सुरू झालं’ म्हणून मोकळे झालो होतो. पहिल्या रात्रीचा आणि पाचव्या दिवसाचा व्हिडिओ एकापाठोपाठ बघितला, तेव्हा फरक उघड होता. पहिल्या रात्री ती झोकांड्या खात होती, पण पाय ताठ होते. आता झोक अजिबात नव्हता. ती सरळ रेषेत चालत होती, पण मागचे पाय खचलेले. मांजर एरवी बोटांवर चालतं, टाच हवेत असते. मनीची टाच जमिनीला टेकत होती, सशासारखी. आणि आणखी एक गोष्ट आईच्या ध्यानात आली: “ही मान का घालून बसलीय? रुसल्यासारखी?” हनुवटी छातीकडे झुकलेली होती आणि बघायचं झालं तर ती मान न उचलता डोळे वर करायची.

सहाव्या दिवशी दवाखान्यात मनीला टेबलावर उभी करताच डॉक्टर म्हणाल्या, “हिचं पोटॅशियम बघू.” मांजराच्या मानेला मागून तोलून धरणारा जाड बंध, जो घोड्याला किंवा कुत्र्याला असतो, तो नसतो. मान केवळ स्नायूंच्या जोरावर उभी असते, म्हणून अंगभर स्नायू दुबळे पडले की मांजरात ते सगळ्यात आधी मानेत दिसतं. टाच टेकण्याचं दुसरं नेहमीचं कारण मधुमेह, त्यात पायांच्या नसा बिघडतात. साखर ११८ आली, म्हणजे तो प्रश्न मिटला. थायरॉइड ठीक, रक्तदाब १५०. पोटॅशियम मात्र २.८. साधारणपणे ते ३.५ च्या वर असायला हवं. क्रिएटिनिन २.४ वर गेलं होतं.

हे कसं झालं, ते डॉक्टरांनी मागच्या कोऱ्या कागदावर बाण काढून दाखवलं. पोटॅशियम शरीरात येतं ते खाण्यातून. तोंड दुखतंय, औषधाने पेंग आहे, म्हणून खाणं पाव भागावर आलेलं. दुसरीकडे, दुबळी किडनी पोटॅशियम धरून ठेवण्याऐवजी लघवीतून सोडून देते. तिसरीकडे, शस्त्रक्रियेच्या दिवशीचं सलाइन: साध्या सलाइनमध्ये पोटॅशियम अजिबात नसतं आणि रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या प्रकारच्या सलाइनमध्ये अगदी थोडं असतं. त्यामुळे लघवी वाढते आणि रक्तातलं आणखी पातळ होतं. येणं थांबलं, जाणं सुरूच. स्नायूच्या पेशीला आकुंचन पावायला आत-बाहेरच्या पोटॅशियममधला जो फरक लागतो, तोच बिघडला. पायात, सांध्यात, नसेत काहीही मोडलेलं नव्हतं.

म्हणजे एका अर्थाने हे शस्त्रक्रियेमुळेच झालं, आमचं म्हणणं बरोबर होतं. पण भुलीमुळे झालं नाही. शस्त्रक्रियेनंतर तिने चार दिवस पुरेसं खाल्लं नाही आणि आम्ही ‘दात काढलेत, खाणार कसं’ म्हणून ते चालवून घेतलं, त्यामुळे झालं. माणसाने दोन दिवस कमी खाल्लं तर फारसं बिघडत नाही, हा हिशेब आपण नकळत मांजरालाही लावतो. म्हातारं मांजर, त्यात किडनीचं, एक दिवस जरी निम्म्याहून कमी खाल्लं तरी दवाखान्याला कळवायचं, हा नियम आता आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

एक दिवस दवाखान्यात ठेवून सलाइनमधून पोटॅशियम दिलं, अगदी थेंबाथेंबाने. ते घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ताशी किती द्यायचं याची कमाल मर्यादा किलोच्या हिशेबाने ठरलेली असते. नंतर घरी पोटॅशियम ग्लुकोनेटचं औषध खाण्यातून, शिवाय मळमळीवर आणि भुकेवर एकेक औषध. भूक परत आल्यावर बाकीचं फार झपाट्याने झालं. आठव्या दिवशी मान वर. नवव्या दिवशी टाच जमिनीपासून सुटलेली, दहाव्या दिवशी पोटॅशियम ४.१. वहीत त्या दिवशी मी मोठ्या अक्षरात ‘संपलं!’ असं लिहिलेलं आहे.

तिसरी चाल

संपलं नव्हतं. दोन आठवडे झाले, तीन झाले. मनी खात होती, लडखडत नव्हती, टाच टेकत नव्हती. पण खिडकीच्या कट्ट्यावर ती गेली नाही. चौदा वर्षं तिची ती जागा. खाली उभी राहून वर बघायची, मागचा भाग उडीच्या तयारीत हलवायची आणि निघून जायची. जिन्यावर एकेका पायरीला दोन्ही मागचे पाय एकत्र टेकवून चढायची. शी-शूच्या ट्रेचा काठ ओलांडताना पाय अडकायचा, दोनदा तर ट्रेच्या बाहेरच उरकलं. वजन ३.७५.

आता घरात निकाल लागला होता. भुलीने काहीतरी कायमचं बिघडवलं. टेबलावर कुणीतरी पाय ओढला असेल. मीसुद्धा हेच मानत होते, आणि दवाखान्यात जाताना जरा भांडायच्या तयारीने गेले होते.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती शेवटची उडी तुम्ही कधी बघितली?”

“शस्त्रक्रियेच्या आधी.”

“आधी म्हणजे कधी? आदल्या आठवड्यात? नक्की?”

मला सांगता येईना. मी म्हटलं, ती रोज तिथे बसलेली असायची. त्या म्हणाल्या, “बसलेली दिसायची. चढताना दिसायची का?” आणि मग, “फोनमध्ये जुने व्हिडिओ असतील ना? घरी जाऊन बघा, मग बोलू.”

त्या रात्री मी आणि भाऊ फोनमधले दीड वर्षाचे व्हिडिओ घेऊन बसलो. मांजराच्या घरात निदान तेवढी चैन असते, व्हिडिओंना तोटा नसतो. दीड वर्षापूर्वीच्या एका तुकड्यात ती जमिनीवरून थेट कट्ट्यावर जाते, सुमारे नव्वद सेंटिमीटर, आवाजही न करता. दहा महिन्यांपूर्वीच्या तुकड्यात ती आधी खुर्चीवर, मग कट्ट्यावर जाते. तो तुकडा आम्ही तेव्हा ‘किती हुशार’ म्हणून सगळ्यांना पाठवला होता. सहा महिन्यांपूर्वी खुर्चीवर जाण्याआधी ती तीनदा अंदाज घेते आणि पुढच्या पायांनी स्वतःला वर ओढून घेते. शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधीच्या तुकड्यात मागे आईचा आवाज आहे: “थांब, मी ठेवते तुला.” आई तिला उचलून कट्ट्यावर ठेवत होती. रोज. आईला स्वतःला ते आठवत नव्हतं. म्हाताऱ्या जिवाला हात देणं इतकं सवयीचं होतं, की त्याची मदत म्हणून नोंदच मनात झाली नव्हती.

आणखीही खुणा होत्या. कमरेवरच्या केसांच्या गाठी, ज्या आम्ही ‘आळशी झालीय, चाटत नाही’ म्हणून कात्रीने कापत होतो. तिथवर मान वळवायची तर पाठ वाकवावी लागते. मागच्या पायांची नखं जाड होऊन तळव्याच्या गादीत रुतत होती, कारण ती खांबाला नखं घासणं सोडून बसली होती. उचलल्यावर गुरकावणं, ज्याला आम्ही ‘म्हातारपणाचा तिरसटपणा’ म्हणायचो. फॉर्मवरच्या ‘व्यवस्थित’मध्ये हे सगळं मावलेलं होतं.

एक्स-रे काढले. दोन्ही खुब्यांची झीज, उजव्या कोपराच्या सांध्यात हाडाची वाढ, कमरेच्या मणक्यांना पूल बांधल्यासारखे काटे. हे चार आठवड्यांत होत नाही, काही वर्षांचं काम आहे. म्हाताऱ्या मांजरांत हे नवलाचंही नाही. १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासलेल्या २००२ मधल्या एका अभ्यासात ९० मांजरांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा होत्या. ६ वर्षांवरच्या १०० मांजरांच्या २०११ मधल्या दुसऱ्या अभ्यासात ६१ जणांना निदान एका सांध्यात तरी झीज होती. मात्र एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचं प्रमाण जुळत नाही. काही मांजरं खराब एक्स-रे घेऊन कपाटावर चढतात. म्हणून डॉक्टरांनी एकेक सांधा हाताने वाकवून बघितला. डाव्या खुब्याला मनीने चावा घेण्याचा प्रयत्न केला, कोपराला नुसतं बघितलं. उपचार त्या चाव्यावर ठरला.

मग शस्त्रक्रियेशी याचा काहीच संबंध नव्हता का? होता, आणि हे डॉक्टरांनी लपवलं नाही. दुखरा सांधा जागेपणी भोवतीचे स्नायू आवळून जपला जातो. भुलीत ते स्नायू सैल पडतात आणि टेबलावर ठेवताना, वळवताना सांधा असा वाकू शकतो, जसा तो एरवी कित्येक महिन्यांत वाकलेला नसतो. नंतर काही दिवस तो ठणकणं शक्य आहे. त्यात दहा दिवसांचं पडून राहणं, पोटॅशियम घटल्याने दुबळे झालेले स्नायू आणि ३५० ग्रॅम वजन गेलेलं, त्यातलं बरंचसं मांड्यांवरचं. झिजलेल्या सांध्यांची कमतरता मनी स्नायूंच्या जोरावर भरून काढत होती. तिच्याकडे जो हातचा शिल्लक होता, तो त्या दोन आठवड्यांत खर्च झाला. आजार आधीचा, पण तो झाकणारं पांघरूण या काळात ओढलं गेलं. दाखल करतानाच ‘ही खुर्चीवरून चढते’ असं मी सांगितलं असतं, तर त्यांनी टेबलावर जाड गादी घातली असती आणि पाय वळवताना जास्त जपलं असतं, असं त्या म्हणाल्या. दवाखान्यानेही तिला चार पावलं चालवून बघितलं नव्हतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. भांडण तिथेच विरलं.

उपचार आणि त्यातली फसगत

सूज कमी करणारी मेलॉक्सिकॅमसारखी औषधं मांजरांच्या सांध्यांवर चालतात. काही देशांत ती दीर्घकाळ द्यायला मान्यता आहे, तर अमेरिकेत वारंवार दिल्यास किडनी निकामी होण्याचा ठळक इशारा त्या औषधावर छापलेला असतो. मनीचं क्रिएटिनिन नुकतंच हललेलं असल्यामुळे डॉक्टरांनी ती वाट घेतली नाही. फ्रुनेवेटमॅब हे महिन्यातून एकदा त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन निवडलं. दुखण्याचा संदेश वाढवणारं एक प्रथिन नसांच्या वाढीशी संबंधित असतं, त्याला हे इंजेक्शन पकडून ठेवतं. युरोपात त्याला २०२१ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. किडनीवर त्याचा भार फारसा पडत नाही, हे इथे महत्त्वाचं होतं.

घरात बदल केले ते साधे. ट्रेची एक बाजू कापून काठ पाच सेंटिमीटरवर आणला. कट्ट्यापाशी तीन पायऱ्यांची उतरंड, वर न घसरणारी चटई. खाण्या-पाण्याची भांडी थोडी उंचावर. नखं दर तीन आठवड्यांनी. आणि आईला सक्त ताकीद: उचलायचं नाही, निदान आधी ती स्वतः प्रयत्न करते का ते बघायचं. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं.

इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी आईने जाहीर केलं, “कमाल आहे, निम्मा फरक पडला.” भावालाही पटलं. मलाही वाटत होतं. पण आता मला आमच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता. मांजरांच्या सांध्यांच्या औषधांच्या चाचण्यांत खोटं औषध दिलेल्या मांजरांचे मालकही मोठ्या संख्येने ‘सुधारणा आहे’ असंच सांगतात, ही जुनी डोकेदुखी आहे. त्यामुळे डॉक्टरांनी आम्हाला मोजता येतील अशा चारच गोष्टी निवडायला लावल्या: दिवसातून किती वेळा कट्ट्यावर स्वतः गेली, जिना एकेका पायाने चढली की दोन्ही पाय जोडून, सोफ्यावर उडी मारली का, ट्रेचा काठ अडखळत ओलांडला का. पहिल्या आठवड्याचे आकडे सपाट होते. आईचा ‘निम्मा फरक’ आईपुरता होता. तिसऱ्या आठवड्यापासून कट्ट्यावरच्या फेऱ्या शून्यावरून दोनवर, मग चारवर गेल्या.

त्याहून खात्रीची गोष्ट ठरवून घडली नाही. तिसऱ्या महिन्यात मनीला उलट्या झाल्या, त्या गडबडीत इंजेक्शन अडीच आठवडे लांबलं. वहीतले कट्ट्यावरच्या फेऱ्यांचे आकडे कुणाला न सांगता खाली येऊ लागले: चार, तीन, एक, एक, शून्य. संशोधकांनीही हीच युक्ती एका चाचणीत वापरली आहे. औषध सुरू असताना मालकांना खरं आणि खोटं औषध यांत फरक सांगता येत नव्हता. ते बंद केल्यावर, काय दिलं होतं हे ठाऊक नसतानाही, ज्यांना खरं औषध मिळत होतं त्यांची मांजरं बिघडलेली त्यांना बरोबर दिसली. सुधारणा आपण मनाने बघतो, हरवलेली गोष्ट मात्र खुपते. आमच्या त्या घसरत्या आकड्यांचा आलेख डॉक्टरांनी स्वतःच्या फाइलला लावून घेतला.

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं त्याला आता पाच आठवडे झाले. वजन ३.९५, क्रिएटिनिन २.१, पोटॅशियम ४.३ आणि त्याचं औषध बंद. सोफ्यावर ती उडी मारते, साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर. कट्ट्यावर पायऱ्यांनी जाते. थेट उडी तिने पुन्हा मारलेली नाही आणि डॉक्टर म्हणतात, ती मारणारही नाही.

कालची नोंद: ‘कट्टा ४. जिना: वर जाताना एकेक, उतरताना जोडून. सोफा हो. ट्रे ठीक. आईने उचललं: १ वेळा, विचारल्यावर नाही म्हणाली.’